रांग, पाळी आणि क्लस्टरवरचा जॉब

प्रश्न असा आला आहे : "आमच्या संस्थेच्या क्लस्टरवर स्लर्म आहे. नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याच्या आज्ञांची मराठी टिपणं करतोय. एस-क्यू ही आज्ञा दिल्यावर जी यादी येते, तिला 'जॉबची रांग' म्हणावं का? आणि एस-कॅन्सलला काय म्हणावं?"

नवख्यांसाठी आधी एवढंच : क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा, त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड, त्यावर चालवायला दिलेलं काम म्हणजे जॉब, आणि कुणाचा जॉब कधी, कुठे चालवायचा हे ठरवणारा कारभारी प्रोग्राम म्हणजे स्लर्म. आता उत्तर : रांग म्हणू नका. हा शब्द ऐकून माझे कान किटले आहेत. माझा भाचा संगणकीय रसायनशास्त्रात पीएचडी करतो आणि दर सुट्टीत त्याचं रडगाणं एकच : "मामा, मी आधी रांगेत होतो आणि कालच्या पोराचा जॉब लागला!" अरे, पण रांग होतीच कुठे? रेशनच्या दुकानात जो आधी आला त्याचा नंबर आधी, ही रांग. तिथे मधे घुसणाऱ्याला आपण बखोट धरून बाहेर काढतो. स्लर्म मात्र रीतसर मधे घुसवतो. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होईपर्यंत जी फट राहते, तिच्यात दोन तासांचा चिमुकला जॉब सरकवून देतो, मोठ्याची ठरलेली वेळ चुकणार नसेल तर. पोत्यांनी भरलेल्या टेम्पोत पिशवी कोंबावी तसं. बरं, एस-क्यूची यादीसुद्धा आल्या क्रमाने लागत नाही. मुद्दाम सांगितलं नसेल तर ती आधी पार्टिशन (म्हणजे नोडचा गट), मग जॉबची स्थिती, मग अग्रक्रम अशी लागते. हिला रांग म्हटलं की पोरं भांडणारच. दोष पोरांचा नाही, शब्दाचा आहे.

'क्यू' म्हणजे फ्रेंचमध्ये शेपूट, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे जाऊ. शेल म्हणजे कवच, नोड म्हणजे गाठ, असले शब्दाला शब्द ठेवणारे खेळही आज नकोत. (एस-बॅच ही जॉब टाकायची आज्ञा, तिच्यातल्या 'बॅच'चं मात्र सांगून टाकतो. तो 'बेक' ह्या धातूचा भाऊबंद, म्हणजे एका वेळी भट्टीत जाईल तेवढा माल. आपल्याकडे ह्याला चोख शब्द आहे : घाणा. भज्यांचा पहिला घाणा काढला, तसा जॉबचा घाणा टाकला. कुणी वापरणार नाही, ठाऊक आहे.)

तुम्हाला हवा तो शब्द पाळी. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. ठरल्या वेळी आपल्याकडे येणारी ती पाळी, हा अर्थ दोन्हीकडे एकच आहे. आणि आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची शेजपाळी आहे, म्हणजे शेतकऱ्यांना पाळीपाळीने पाणी द्यायची पद्धत. शेतकरी नमुना नंबर सातवर पाणीअर्ज भरतो : पीक कोणतं, क्षेत्र किती. मंजुरी मिळते, पाळ्यांचा कार्यक्रम लागतो, आवर्तन सुटलं की पाटकरी ज्याच्या त्याच्या शेतात पाणी वळवतो. आता एस-बॅचला दिलेली फाइल उघडा. कोअर (प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग) किती, मेमरी किती, वेळ किती. हा नमुना नंबर सातच आहे! आणि स्लर्म हा पाटकरी. शेजपाळीत पाणी शेवटाकडून मुखाकडे देत यायचं, म्हणजे 'टेल'चा शेतकरी आधी. शेपटाकडून सुरुवात! फ्रेंचांनी शब्द दिला, पण शेपटाचा मान राखला आमच्या कालव्यांनी.

आता एक जाणकार गृहस्थ मला नेहमी ऐकवतात की 'पाळी' पुस्तकी, खरा मातीतला शब्द 'बारी'. दर्शनबारी, भजनाची डबलबारी. शब्द गोड आहे, तळकोकणात दोन बुवा आलटूनपालटून एकमेकांना कोंडीत पकडतात तेव्हा मीही पहाटेपर्यंत बसलो आहे. पण मातीतला? साहेब, मराठी माती 'व' जपते. हिंदीत बाघ, बीस, बिच्छू, बाँझ आणि आपल्याकडे वाघ, वीस, विंचू, वांझ. तेव्हा 'बारी' ही उत्तरेकडून आलेली पाहुणी. आपल्या घरातला शब्द वार, आणि संस्कृतात 'वार' म्हणजेच पाळी. वारंवार म्हणजे पाळीपाळीने, पुन:पुन्हा. वारी तीच, नेमाने परत परत करायची ती. चंद्रभागेच्या पाण्यावरून, 'वारि'वरून वारी आणणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडतो.

आणि सोमवार म्हणजे सोमाची पाळी. हे नुसतं काव्य नाही, हे शेड्यूलिंग आहे! सात ग्रह मंदगतीकडून शीघ्रगतीकडे मांडा : शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या 24 होरा, म्हणजे तास, ह्यांना क्रमाने वाटत जा. सूर्योदयाची पहिली होरा ज्याची, दिवस त्याचा. रविवारी पहिली होरा रवीची, मग आठवी, पंधरावी आणि बाविसावीही त्याचीच. तेविसावी शुक्राची, चोविसावी बुधाची आणि पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, चंद्राची. झाला सोमवार. 24 ला 7 ने भागून 3 उरतात म्हणून दर दिवशी तीन घरं पुढे. आर्यभटीयातल्या कालक्रियापादात हाच नियम आहे, वेगाच्या क्रमात चौथा तो दिवसाचा स्वामी. एकेकाला फिरत्या क्रमाने वेळ द्यायची जी रीत संगणकवाले राउंड रॉबिन म्हणून मिरवतात, तिच्यावर आपलं कॅलेंडर टांगलेलं आहे. ज्याने आधी जास्त वापरलं त्याला मागे ठेवणाऱ्या स्लर्मच्या फेअर-शेअर हिशेबात तुम्ही केलेला जुना वापर निम्म्याने विसरायला लागणारा काळ, कुणी बदलला नसेल तर, किती ठेवला आहे? सात दिवस. मला ह्याचा केवढा आनंद झाला, सांगता येत नाही.

भाच्याला मी आता 'एस-प्रायो मारून बघ, तुझी पाळी कशामुळे लांबली' असं सांगतो. ती आज्ञा अग्रक्रमाची फोड करून दाखवते : वय (म्हणजे जॉब किती काळ ताटकळला) किती, फेअर-शेअर किती, जॉबचा आकार किती. एस-क्यूच्या शेवटच्या रकान्यातही कारण लिहिलेलं असतं, 'रिसोर्सेस' म्हणजे तुझी पाळी आली पण पाणी पुरत नाही, 'प्रायॉरिटी' म्हणजे अजून पाळीच नाही. गेल्या दिवाळीला तो चक्क म्हणाला, "मामा, आठवड्यानं माझी पाळी येईल, मागे फार पाणी वापरलं." पोरगं सुधारतंय.

एस-कॅन्सलचं राहिलंच. जॉब सुरू व्हायच्या आत रद्द केला तर 'अर्ज मागे घेतला' म्हणा. सुरू झाल्यावर केला तर सगळे 'मारला' म्हणतात, तेच ठेवा.