500 च्या स्टॅम्पवर सही करू नकोस

"मावशी, मी 34 वर्षांची. सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईकाम करते. 7 वर्षं आम्ही दोघं एकत्र राहतोय, लग्न केलं नाही. दोन्ही घरून विरोध होता, पुढं करू पुढं करू म्हणत राहून गेलं. 2019 मध्ये जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. भिशीचे आणि आईच्या पाटल्या मोडून आलेले, असे 4 लाख मी घातले. शिवाय दर महिन्याला 6 हजार हप्त्याला देते. कर्ज त्याच्या पगारावर, म्हणून खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावानं. आता घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलंय. 500 च्या स्टॅम्पवर लिहून आणलंय: माझा घरावर हक्क नाही आणि काही येणं बाकी नाही. सही केली तर 50 हजार देतो, महिनाअखेर घर सोड म्हणतो. त्याची बहीण विचारते, तू काय लग्नाची बायको आहेस का?"

पोरी,

आधी तो कागद. 'वकिलाला दाखवून सांगते' एवढंच म्हण आणि गप्प बस. घरावर हक्क नाही हे वाक्य एक वेळ राहू दे, पण 'काही येणं बाकी नाही' या ओळीसाठीच तो 50 हजार मोजायला तयार झालाय. तिथं सही केलीस की तुझे 4 लाख तूच बुडवलेस असं होईल.

आता बहिणीच्या प्रश्नाचं. लग्नाची बायको नाहीस, खरं आहे. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त लग्नाच्या बायकांपुरता नाही. 'लग्नासारखं नातं' असलेली बाईही त्यात येते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला मोकळे हवेत, चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत, आपखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. तुमच्यापैकी कुणाचं आधी लग्न झालेलं नसेल तर तू त्यात बसतेस असं मला वाटतं. आणि बसलीस तर घर त्याच्या नावावर असलं तरी कायद्याच्या मार्गाशिवाय तो तुला हुसकावू शकत नाही. कुलूप बदललं, सामान जिन्यात काढलं, तर थेट या कायद्यासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. बाईचे पैसे, दागिने दाबून ठेवणं हाही या कायद्यात छळच धरलाय, आर्थिक छळ.

म्हणून रागाच्या भरात बॅग भरून निघू नकोस. मार वगैरे होत असेल तर मात्र क्षणभर थांबू नकोस, घरापेक्षा जीव मोठा.

राहायचा हक्क मिळाला म्हणून मालकी मिळत नाही, हेही ऐकून घे. खरेदीखतावर तुमची दोघांची नावं असती तर ज्यानं जेवढे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि हिशोबच नसेल तर निम्मं-निम्मं, असं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. तुझं नाव नाही. कुणीतरी सल्ला देईल, 'पैसे माझे, घर माझं' असा दावा ठोक. सांभाळून. एकाच्या पैशानं दुसऱ्याच्या नावावर घेतलेली मिळकत बेनामी कायद्यात अडकू शकते. बायकोच्या नावावर घेतली तर त्यात सूट आहे, लग्नाशिवायच्या जोडीदाराला ती सूट नाही. म्हणून मला विचारशील तर घर मागू नकोस, दिलेले पैसे माग.

आणि पैशांतही खरं बोलू या. दर महिन्याचे 6 हजार तू मोजत बसू नयेस. त्या घरात राहिलीस, खाल्लंस, भाडं वाचलं. तो म्हणेल संसाराचा खर्च होता, आणि ते अगदीच खोटं नाही. 4 लाखांवर मात्र पाय रोवून उभी राहा. पाटल्या मोडल्याची सराफाची पावती शोध. भिशीची वही कुणाकडे आहे बघ. पैसे त्याच्या किंवा बिल्डरच्या खात्यात गेले असतील तर 2019 चा बँकेचा उतारा शाखेतून काढून घे. माझ्या ओळखीच्या एका बाईकडे अशा वेळी फक्त भिशीची वही होती, लाल बांधणीची, प्रत्येक पानावर चालवणाऱ्या काकूंची सही. वकिलानं आधी तीच वही मागून घेतली होती.

एक अडचण आहे, लपवत नाही. उसने पैसे वसूल करायला साधारण 3 वर्षांची मुदत असते आणि तू 2019 मध्ये दिलेल्या पैशांची ती केव्हाच उलटली. पण 1872 च्या करार कायद्यात वाट ठेवलेली आहे: मुदत गेलेलं देणंही 'देतो' असं त्यानं लिहून सही केली, तर त्या लिहून दिलेल्यावर वसुली करता येते. म्हणजे आज तुला सहीची जेवढी भीती वाटतेय, तेवढीच त्याची सही तुझ्या कामाची आहे. त्याला लग्नाआधी हे मिटवायची घाई आहे, तुला नाही. 4 लाख, इतक्या हप्त्यांत, या तारखांना, असा कागद वकिलाकडून करून घे, आणि शेवटचा हप्ता खात्यात पडल्याशिवाय 'येणं नाही' लिहून देऊ नकोस. व्हॉट्सॲपवर 'तुझे पैसे देतो' असं कधी लिहिलं असेल तर ते मेसेज पुसू नकोस, फोनही विकू नकोस. कोर्टात ते प्रमाणपत्र जोडून दाखवता येतात.

वकिलाची फी कशी देऊ, असं मनात आलं असेल. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. दावा न लावता आधी समेट घडवायचा प्रयत्नही तिथंच होतो, आणि तुझ्या प्रकरणात मला तोच रस्ता बरा वाटतो.

घरात तुझं शिलाई मशीन असेल, तर ते तुझ्या नावच्या बिलाचं आहे ना? बिलाचा आणि मशीनवरच्या नंबराचा फोटो काढून बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठव. तुझी रोजीरोटी आहे ती, तिच्यावर वाद नको.

राहता राहिली आई. पत्रात कुठंच लिहिलं नाहीस की तिला हे सगळं माहीत आहे. पाटल्या तिच्या होत्या. ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही, तरी सांग. पावती तिच्याच ट्रंकेत असण्याची शक्यता जास्त, आणि चार दिवस जायचं झालं तर दार तेच आहे. प्राधिकरणात जाताना तिला सोबत ने, आणि वकील काय म्हणाले ते मला लिही.

तुझी मावशी