वाचकांचे प्रश्न: ‘मी त्याची रेघ खोडली आणि त्याने पेन्सिलच खाली ठेवली’

प्रश्न: ताई, मी एटीडीच्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या एका हायस्कूलमध्ये सराव पाठ चालू आहेत. आठवी ब, 58 मुलं, 35 मिनिटांचा तास. मागच्या आठवड्यात वस्तुचित्राचा पाठ होता, घरून पितळेचा तांब्या नेला. वर्गात प्लॅटफॉर्म नाहीये, मागच्यांना दिसावं म्हणून टेबलावर एक खोका ठेवून त्याच्यावर तांब्या ठेवला. आधी फळ्यावर सगळं काढून दाखवलं, मध्य अक्ष, चौकट, तोंडाचा लंबगोल, तळ. मग मुलांना काढायला लावलं, मी फिरत होते. सगळ्यांचं छान चाललेलं, फक्त शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने तांब्याचं तोंड पट्टीने मारल्यासारखं सरळ काढलेलं. तळाला बरोबर गोलाई होती, म्हणजे येत नाही असंही नाही. मी वाकून त्याची रेघ खोडली, दोन सेकंदात लंबगोल काढून दिला आणि पुढे गेले. परत आले तर पेन्सिल खाली, हात मांडीत, तास संपेपर्यंत काहीच केलं नाही. पुढच्या तासाला वहीच आणली नाही. पाठ निरीक्षणाला आलेल्या सरांनी ‘वर्गनियंत्रण उत्तम’ असा शेरा दिलाय, पण माझं मन खातंय. मी ओरडलेसुद्धा नाही हो त्याला. काय करू? आणि एक, गणिताचे सर आमचा तास सारखा मागून घेतात, नाही म्हणता येत नाही.
– एक छात्राध्यापिका

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचलं आणि आधी टेप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाची उंची मोजली, घरातले हसले मला. शाळेतलं टेबल साधारण अडीच फूट धर, वर तुझा खोका अर्धा फूट असेल, त्यावर तांब्या अर्धा फूट, म्हणजे तांब्याचं तोंड जमिनीपासून साडेतीन फुटांवर. आता आठवीतलं पोरगं बाकावर बसलं की त्याचे डोळे किती उंचीवर येतात ते बघ. तेवढेच, साडेतीन फूट. वर्तुळ नजरेच्या बरोबर पातळीला आलं की ते काय दिसतं हे तुला मी सांगायची गरज नाही, पहिल्या वर्षाला घोटून घेतलेलं असतं. सरळ रेघ. आणि तळ नजरेच्या खाली म्हणून तिथे गोलाई. तूच लिहिलंयस की तळाला गोलाई बरोबर होती, मला तर तिथेच शंका आली.

तू उभी होतीस गं. तुझे डोळे पावणेपाच-पाच फुटांवर, तुला वरून तोंड दिसत होतं म्हणून तू फळ्यावर लंबगोल काढलास, तो तुझ्या जागेवरून बरोबरच होता. पण बाकीच्या पोरांनी लंबगोल काढला तो कुठून आला? त्यांनाही बसल्या जागेवरून जवळपास रेघच दिसत असणार, एखादं उंच पोर सोडलं तर. त्यांनी तांब्या बघितलाच नाही, फळा बघितला. 58 मधल्या एकाने तांब्या बघून काढला आणि त्याचंच आपण खोडलं. तुझ्या तांब्याची आणि खोक्याची नेमकी उंची मला माहीत नाही, म्हणून पैज नाही लावत, पण उद्या शाळा सुटल्यावर तसंच सगळं मांड, त्याच्या बाकावर त्याच्यासारखी जरा पोक काढून बस आणि बघ. दिसली रेघ की कळेल.

आता मन खातंय म्हणतेस तर सांगते, तू ओरडली असतीस ना तर त्याने कदाचित परत काढलंही असतं, ओरडण्याची सवय असते पोरांना. पण त्याला रेघ दिसत होती आणि मॅडम न बोलता सांगून गेल्या की तुला दिसतंय ते चूक आहे. त्यात हे वयच तसलं. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारा लोवेनफेल्ड तुमच्या अभ्यासात आलाच असेल, त्याने 1947 सालीच लिहून ठेवलंय की बाराव्या-तेराव्या वर्षी पोरं स्वतःच्या चित्राकडे टीकाकारासारखी बघायला लागतात. पाचवीतलं पोर दोन डोंगर, मधे सूर्य आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी काढून खूश असतं, आठवीतलं तेच पोर म्हणतं मला चित्र येत नाही. त्यात आपण खोडरबर घेऊन गेलो की झालंच.

मी काही तुझ्यापेक्षा शहाणी नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाला चित्रप्रदर्शन लावलं, प्रत्येक चित्रावरून माझा हात फिरलेला, इथे जरा शेडिंग, तिथे नाक नीट. एक पालक म्हणाले, बाई, सगळ्या मुलांचं वळण एकसारखं आलंय हो! कौतुकाने म्हणाले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर पुढच्या तासाला असं कर. तांब्या त्याच खोक्यावर ठेव आणि वर्गासमोर सरळ सांग की त्या दिवशी माझं चुकलं, मी उभ्याने बघत होते. मग एकेकाला उभं राहून आणि बसून तांब्याचं तोंड बघायला लाव. किंवा स्टीलचा पेला प्रत्येकाच्या हातात दे, पोटापाशी धरला की केवढं गोल तोंड, वर नेत नेत डोळ्यांसमोर आणला की मिटून रेघ. दहा मिनिटं गोंधळ होईल, होऊ दे, निरीक्षणाचे सर आलेले नसतील असा दिवस बघ म्हणजे झालं. त्या मुलाचं नाव घेऊन फार कौतुक मात्र करू नकोस, शेवटच्या बाकावरच्यांना ते नको असतं. नुसतं त्याच्या शेजारी जाऊन बस, हळूच म्हण की तुझी रेघ बरोबर होती रे. वही नसेल तर एक सुटा कागद दे.

आणि यापुढे फळ्यावर काढून दाखवलंस की मुलं सुरू करायच्या आधी पुसून टाक. चित्र सुधारायचंच असेल तर स्वतःच्या कागदाच्या कपट्यावर काढून शेजारी ठेव, त्यांच्या कागदाला हात नाही. एक तांब्या 58 जणांना पुरतही नाही खरं तर, तीन ठिकाणी तीन वस्तू मांड, जरा खाली, म्हणजे तोंडही दिसेल. मागच्या पोरांना तांब्या नाहीच मिळाला तर त्यांचीच पाण्याची बाटली समोर ठेव, काय बिघडतं.

गणिताच्या सरांचं म्हणशील तर तू छात्राध्यापिका, तू भांडू नकोस, शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना पुढे कर. मुख्याध्यापकांना एकच भाषा कळते, मार्कांची. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3, आणि ती तयारी याच तासात होते हे त्यांना कोणीतरी आठवण करून द्यायला हवं. मला स्वतःला चित्रकलेची वकिली मार्कांवर करायला आवडत नाही, पण तास वाचतो. आणि सर तरीही आलेच तास मागायला, तर त्यांना दोन मिनिटं त्या शेवटच्या बाकावर बसव आणि विचार, सर, हे तोंड गोल आहे की रेघ?