फुटबॉल संघ जिंकतो कोणामुळे, प्रशिक्षकामुळे की खेळाडूंमुळे?

संघ कुठपर्यंत पोहोचू शकतो ते खेळाडूंची गुणवत्ता ठरवते. तिथवर प्रत्यक्षात नेतो प्रशिक्षक. लांबलचक लीगमध्ये गुणवत्तेचं पारडं जड, म्हणूनच खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करणारे क्लब बहुतेक वेळा वरच्या स्थानांवर दिसतात. मोजक्या सामन्यांच्या बाद फेरीत मात्र शिस्तबद्ध बचाव आणि एखादा कॉर्नर पुरतो. २००४ च्या युरो (युरोपियन राष्ट्रांच्या) स्पर्धेत प्रशिक्षक ऑटो रेहागेल यांच्या ग्रीसने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही सामने १-० ने जिंकले, तिन्ही गोल हेडरने.

जर्मनीतल्या लेव्हरकूसेन क्लबचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये झाबी अलोन्सो प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ बुंडेसलिगात (जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये) तळापासून दुसरा होता. हंगाम संपला सहाव्या स्थानावर. पण २०२३-२४ चं अपराजित विजेतेपद (२८ विजय, ६ बरोबरी) आलं ते झाका, ग्रिमाल्डो असे नेमके खेळाडू घेतल्यावर!

प्रशिक्षक फसतो तो बहुधा खेळाडूंना न पेलणारी पद्धत लादल्यामुळे. बचावपटू संथ असताना बचावफळी मध्यरेषेपर्यंत पुढे नेली आणि पुढच्यांनी प्रेसिंग (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून जाऊन दबाव टाकणं) अर्धवट सोडलं, तर मागच्या मोकळ्या जागेत एक लांब पास पडला की गोल झालाच समजा.