गोल चौकात लेन कुठली? आधी रस्त्यावरचा बाण, मग घड्याळ

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सरळ जायचं म्हणून तुम्ही डाव्या लेनमधून गोल चौकात शिरलात, मधल्या लेनमधली गाडी त्याच रस्त्याने बाहेर पडत होती, तुमचं उजवं दार घासलं गेलं. डाव्या लेनवर फक्त डावीकडे वळायचा बाण रंगवलेला होता, हे तुम्हाला नंतर दिसलं. 'पण मला तर बारा वाजेपर्यंत डावी लेन आणि बारानंतर उजवी असंच शिकवलं होतं,' असं तुम्ही लिहिलंय. (म्हणजे चौक हे घड्याळ धरायचं, आपण सहावर शिरतोय असं समजायचं, आणि बाहेर पडायचा रस्ता कुठल्या आकड्यावर येतो त्यावरून लेन ठरवायची.) याच दुखण्यातून मी गेलोय, फक्त पलीकडच्या बाजूने: मधल्या लेनमधला होतो तो मी. म्हणून उत्तर गोड लागलं नाही तर राग मानू नका. तुम्ही सांगताय ते सगळं बरोबर असेल तर लेन तुमचीच चुकली आहे. विमा कंपनी निकाल त्यावरूनच देईल असं मात्र अजिबात समजू नका. त्याबद्दल पुढे लिहितोच.

मी वकील नाही, शिकवणाराही नाही, नुसता बरीच वर्षं गाडी चालवणारा माणूस आहे. आणि हे सगळं डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांबद्दल आहे. उजवीकडून चालवणाऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आरसे बघायचे वगैरे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही.

घड्याळाचा नियम हा नियम नाही. शिकाऊ माणसाच्या हाती दिलेली ती एक काठी आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमधला, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतला, १८६ वा नियम काढून बघा, त्यात घड्याळाचा उल्लेखच नाही. पहिल्याच रस्त्याने बाहेर पडायचं तर डावी लेन. उजवीकडे किंवा पूर्ण फिरून मागे जायचं तर उजवी लेन. आणि मधल्या कुठल्या रस्त्याने जायचं असेल तर 'योग्य ती लेन' निवडा, एवढंच तो सांगतो. शिवाय हे सगळं कधी? तर पाट्या आणि रस्त्यावरच्या खुणा वेगळं काही सांगत नसतील तेव्हा. ऑस्ट्रेलियात अर्ध्या फेरीच्या आत बाहेर पडणाऱ्याने डावी लेन घ्यायची, अर्ध्यापेक्षा जास्त फिरणाऱ्याने उजवी, आणि सरळ जाणाऱ्याला दोन्ही लेन मोकळ्या. तिथेही जमिनीवर बाण असतील तर बाणाचं ऐकायचं. म्हणजे देश बदलला की तपशील बदलतात, पण जमिनीवर रंगवलेला बाण सामान्य नियमाच्या वरचढ असतो हे दोन्हीकडे सारखंच.

घड्याळ फसतं कुठे? जिथे रस्ते चार नसतात, किंवा चार असूनही काटकोनात नसतात तिथे. पाच रस्त्यांच्या चौकात दुसरा रस्ता अकरावर आणि तिसरा एकवर असू शकतो. मग 'सरळ' कुठला? हे शिकवणारा ठरवत नाही आणि तुम्हीही नाही. तो चौक आखणाऱ्याने कुठल्या दिशेला किती गाड्या जातात ते बघून लेना वाटलेल्या असतात. डावीकडे गर्दी जास्त असेल तर अख्खी डावी लेन डावीकडेच सोडतात आणि सरळवाले मधल्या लेनमध्ये जातात. तुमच्या चौकात हेच झालंय.

माझा क्रम असा: चौकाच्या आधी चित्राची पाटी येते तिच्यावर आपला रस्ता कुठे फुटतो ते बघायचं, त्या गावाचं किंवा रस्त्याचं नाव मनात पक्कं करायचं, आणि मग नजर जमिनीवर. बाण साधारण दोनदा-तीनदा रंगवलेले असतात. शेवटचा बाण पुढच्या गाडीखाली झाकलेला असतो, म्हणून पहिलाच पकडायचा. रांग लागली असेल तर शेजारच्या लेनचा बाण बघूनही आपल्या लेनचा अंदाज येतो. चौकात शिरल्यावर लेन निवडायला उशीर झालेला असतो. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांची कल्पना निघाली त्या टर्बो प्रकारच्या गोल चौकांत तर लेनांच्या मध्ये उंचवटाच घातलेला असतो, आत गेल्यावर बदलायची सोयच नाही. बाहेर निर्णय, आत फक्त अंमलबजावणी. मला विचाराल तर मोठे चौक सगळे असेच असावेत, पण अवजड वाहनवाल्यांना ते आवडत नाहीत असं ऐकतो, आणि त्यांचंही काही खोटं नसेल.

काही मोठ्या चौकांत आतल्या रेषा गोल नसतात, शंखासारख्या बाहेर उलगडत जातात. आपली लेन धरून ठेवली की ती आपोआप आपल्याला बाहेर आणून सोडते. तिथे घड्याळवाला माणूस गोंधळतो, त्याला वाटतं आपण घसरतोय, म्हणून तो आत ओढून घेतो आणि शेजारच्याच्या अंगावर जातो. रेषेवर विश्वास ठेवा.

आता माझं. चौकाला पाच रस्ते. मला तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडायचं होतं, तो जवळजवळ समोरच. शिरताना तीन लेना: डावी पहिल्या रस्त्यासाठी, मधली दुसऱ्या-तिसऱ्यासाठी, उजवी चौथ्यासाठी. मी मधल्या लेनमध्ये, इंडिकेटर वेळेवर, वेग कमी. डाव्या लेनमधले एक गृहस्थ पहिला रस्ता सोडून फिरतच राहिले आणि मी बाहेर पडताना माझ्या डाव्या बाजूला भिडले. दोघांच्या गाड्यांना मार, माणसं धडधाकट. गृहस्थ भले होते, तिथल्या तिथे म्हणाले, 'बाण दिसलाच नाही हो.' मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. दावा ज्या कार्यालयात गेला तिथे गोल चौकाच्या अपघातासाठी एक छापील फॉर्म होता. त्यावर आधीच चित्र काढलेलं: चार रस्ते, चारही काटकोनात, दोन लेना. त्यावर दोन गाड्या काढून द्या म्हणाले. मी म्हटलं, आमच्या चौकाला पाच रस्ते आहेत. उत्तर आलं, 'फॉर्म हाच आहे.' मग त्यांनीच माझ्या जबाबातलं 'तिसरा एक्झिट' उचललं आणि त्या चित्रात बसवलं. चार रस्त्यांच्या चित्रात तिसरा एक्झिट म्हणजे काय? उजवं वळण! झालं. लेखी निकाल आला की उजवीकडे वळणारं वाहन उजव्या लेनमध्ये नव्हतं, डावीकडचं वाहन नियमाप्रमाणे पहिल्याच रस्त्याने बाहेर पडलं नाही, सबब दोघंही निम्मे निम्मे जबाबदार. कागदावर एका झटक्यात चौकाचा एक रस्ताच नाहीसा झाला.

मी पत्र लिहिलं, चौकाचा उपग्रहावरून घेतलेला फोटो जोडला. उत्तरात तोच परिच्छेद, फक्त तारीख नवीन. फोन केला की 'संबंधित अधिकारी रजेवर' किंवा 'फाइल दुसऱ्या टेबलावर'. समोरचे गृहस्थ लिहून द्यायला तयार होते, तर कार्यालय म्हणे की दुसऱ्या पक्षाचं म्हणणं त्यांच्या विमा कंपनीमार्फत यायला हवं, आणि ती कंपनी काहीच बोलेना. शेवटी प्रत्यक्ष पाहणीला माणूस आला तेव्हा त्या रस्त्यावर नवं डांबर पडलेलं होतं आणि बाण अजून रंगवायचे होते. 'इथे तर खुणाच नाहीत' असा शेरा मारून तो गेला. माझा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, पुढची काही वर्षं हप्ता चढा भरला, आणि ते सगळं एका काटकोनी चित्रापायी. अजून आठवलं तरी डोकं फिरतं. बाण नेमका कुठल्या दिवशी होता आणि कुठल्या दिवशी नव्हता याची नोंद रस्ता खात्याकडे असणार, पण ती मागायची मुदतही तोवर उलटली होती.

म्हणून तुम्ही हे आजच्या आज करा. मी तुमच्या विरुद्ध बाजूचा असलो तरी सांगतोय, कारण खरं काय झालं ते कागदावर आलं तर दोघांचंही भलंच होतं. गाडीच्या पोच्यांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही चौकाच्या आधीच्या बाणांचे काढा, प्रत्येक लेनचे, आणि चित्राच्या पाटीचा एक. पायी जा, पदपथावरून काढा, उगाच रस्त्यात उतरू नका. बाण पुसट झालेला असेल, झाडाची फांदी पाटीवर आली असेल, तर तेही फोटोत येऊ द्या. तुमच्या बाजूने काही बोलता येईल तर तेवढंच: खूण दिसण्यासारखी होती की नाही. चौकाचं चित्र स्वतः काढा आणि सगळे रस्ते दाखवा. छापील चित्र दिलं तर त्यावर 'प्रत्यक्षात इतके रस्ते' असं लिहून सही करा. आणि कुठेही 'दुसरा एक्झिट', 'तिसरा एक्झिट' असं लिहू नका. 'अमुक गावाकडे जाणारा रस्ता' असं नावाने लिहा. आकडा कुणाच्याही चित्रात बसतो.

आकड्यांवरून आठवलं, नेव्हिगेशनचंही तेच. ते 'तिसरा एक्झिट घ्या' म्हणतं तेव्हा पेट्रोल पंपात शिरणारी बारकी वाट त्याने मोजली की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. आवाज ऐका, पण वळा पाटी वाचून.

इतर किरकोळ: लांब ट्रक किंवा बस शेजारी असेल तर तिच्या बरोबरीने चौकात शिरू नका, तिची मागची चाकं आतून कापतात आणि ती दोन लेना व्यापते, ते तिचं चुकत नाही, तिला तसंच वळावं लागतं. सायकलस्वार डाव्या लेनमध्येच राहून पूर्ण फेरी मारू शकतो, तेव्हा बाहेर पडताना डावा आरसा आणि खांद्यावरून एक नजर हवीच. आणि चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर त्या लेनचा बाण नेईल तिकडे गप जा, पुढे वळून परत या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. शेवटच्या क्षणी आडवं घुसणाऱ्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, मग तो नवशिका असो की तीस वर्षांचा मुरलेला.

काहीजण इथे म्हणतील की गोल चौकच नकोत, सिग्नल बसवा. माझा त्याला विरोध आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या ३२ जागा असतात, एका लेनच्या गोल चौकात ८. जी टक्कर होते तीही बहुधा तुमच्यामाझ्यासारखी, घासून जाणारी. समोरासमोर किंवा थेट कुशीत बसणारी नव्हे. ब्रिटनमध्ये १९६६ साली 'आत असलेल्याला आधी वाट' हा नियम देशभर लागू झाला, त्याआधी शिरणारे आणि फिरणारे एकमेकांत अडकून अख्खं सर्कल ठप्प व्हायचं. तेव्हा चौकाचा दोष नाही. लेना वाढल्या की खुणा नीट हव्यात आणि त्या वेळच्या वेळी रंगवायला हव्यात, एवढंच. डांबर टाकून बाण महिनोन् महिने न रंगवणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये नाही: तुमच्या चौकाला रस्ते किती आहेत, आणि तुम्ही ज्या रस्त्याने बाहेर पडत होतात तिथे लेन एक आहे की दोन? बाहेरचा रस्ता दोन लेनचा असेल आणि समोरच्याने मधल्या लेनमधून येऊन थेट डावी लेन पकडली असेल, तर थोडंफार त्याच्याही अंगावर येऊ शकतं. तेवढं सांगा, शक्य तर बाणांचा फोटो टाका.