तुटक्या बाकाची तक्रार, नव्या बाकाची मागणी

प्रश्न : रस्त्यालगतच्या सार्वजनिक बाकाची फळी निखळून खिळे वर आले आहेत. त्याची दुरुस्ती व्हावी आणि बसथांब्याजवळ नवा बाक मिळावा, यासाठी नगर प्रशासनाकडे अर्ज कसा करावा?

उत्तर : दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू नयेत, कारण दुरुस्ती सहसा देखभालीच्या कामात बसते, तर नव्या बाकासाठी जागेची पाहणी आणि मंजुरी लागते. इजेचा धोका पहिल्याच वाक्यात लिहावा, खिळ्यांचे जवळून घेतलेले छायाचित्र जोडावे आणि शेजारच्या दिव्याच्या खांबावर क्रमांक असल्यास तोही द्यावा. नवा बाक मागताना चाकाच्या खुर्चीला वाट उरेल अशी जागा सुचवावी. हात टेकायला दांडे असलेलाच बाक मागावा, कारण वृद्धांना उठताना त्यांचाच आधार होतो. अर्जाची पोच अवश्य घ्यावी.