भूल उतरली, पण स्नायूंची ताकद परतली का?

प्रश्न : वडिलांचे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध देऊ आणि शेवटी ‘रिव्हर्सल’चे इंजेक्शन देऊ, असे भूलतज्ज्ञांनी सांगितले. हे शुद्धीवर आणणारे इंजेक्शन आहे का? पहिल्या औषधाचा परिणाम आपोआप ओसरत असेल, तर हे दुसरे औषध कशाला?

उत्तर : नाही, या इंजेक्शनाने शुद्ध येत नाही. शुद्ध हरपणे आणि स्नायू सैल पडणे या दोन वेगळ्या औषधांच्या करामती आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी ओसरू शकतात. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम यांसारखी औषधे स्नायूवरील ज्या जागी अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन येऊन मज्जातंतूचा आदेश पोहोचवते, तीच जागा अडवतात. हा परिणाम कालांतराने ओसरतो हे खरे. पण किती वेळात, हे व्यक्तीनुसार फार बदलते. थोडा अंश उरला तरी घशाचे स्नायू दुबळे राहून लाळ किंवा पोटातील द्रव श्वासमार्गात जाण्याचा, श्वास अपुरा पडण्याचा धोका राहतो.

हा उरलेला परिणाम उलटवण्यासाठीच ‘रिव्हर्सल’ देतात. त्यातले जुने आणि आजही भरपूर वापरले जाणारे औषध म्हणजे नियोस्टिग्मिन. अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते, त्यामुळे हे रसायन साठत जाते आणि शिथिलकाला जागेवरून हटवू लागते. शिथिलक मात्र शरीरातच असतो. म्हणून परिणाम खोल असताना नियोस्टिग्मिन कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही. शिवाय ते हृदयाचे ठोके मंदावते आणि लाळ वाढवते, यासाठी त्याच्यासोबत ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते.

सुगामाडेक्स या दुसऱ्या रिव्हर्सल औषधाची तऱ्हा निराळी आहे. हा साखरेच्या रेणूंचा कडीसारखा सांगाडा रोक्युरोनियमच्या रेणूला पोटात घेऊन कोंडतो आणि ही जोडी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. युरोपात त्याला 2008 मध्ये, अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. खोल परिणामही ते बहुधा काही मिनिटांत उलटवते. मात्र ते रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियमपुरतेच उपयोगी आहे, अ‍ॅट्राक्युरियमवर त्याची मात्रा चालत नाही. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जीही होऊ शकते.

यांतले कोणते औषध, हा निर्णय भूलतज्ज्ञांवर सोडावा. माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे : परिणाम उतरला हे यंत्राने मोजणार का? मनगटाजवळील मज्जातंतूला लागोपाठ चार सौम्य विद्युत् झटके देऊन अंगठ्याची हालचाल नोंदवतात. चौथी हालचाल पहिलीच्या निदान 90 टक्के झाल्यावरच श्वासासाठी घातलेली नळी काढणे सुरक्षित मानले जाते. ‘डोके पाच सेकंद उचलून धरा’ ही परिचित चाचणी त्यामानाने फारच ढोबळ आहे, कारण बराच परिणाम शिल्लक असलेला रुग्णही ती पार करू शकतो.

प्रश्न : मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गोळ्यांवर विसंबू नका, असे सांगितले गेले. हे खरे आहे का?

उत्तर : सुगामाडेक्स दिले असेल, तर हो. ते गोळ्यांतील प्रोजेस्टेरॉनसदृश संप्रेरकालाही काही प्रमाणात बांधून ठेवू शकते. त्यामुळे गोळ्या चालू ठेवाव्यात आणि पुढील 7 दिवस निरोधसारखे संप्रेरकविरहित साधनही वापरावे. त्वचेखालील इम्प्लांट किंवा संप्रेरकयुक्त तांबी असेल तरी हाच सल्ला लागू आहे. केवळ नियोस्टिग्मिन दिले असेल, तर या कारणासाठी ही खबरदारी घ्यावी लागत नाही. म्हणून कोणते औषध दिले, हे घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यावे.