औषधाआधी पाणी तपासा: चवथीनंतर आजारी पडलेले गोल्डफिश

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: फोंड्याजवळ घर, ८० लिटरची टाकी, दोन मोठे गोल्डफिश, पाणी पहिल्यापासून विहिरीचं. चवथीला आठवडाभर मूळ घरी गेलात, तेव्हा शेजारच्या मुलाने मासे सांभाळले. परत आल्यावर पाणी गढूळ दिसलं म्हणून अर्धं काढून नळाचं भरलं. त्याच संध्याकाळी मासे वर येऊन हवा घेऊ लागले. आता एक तळाला बसून आहे, कल्ले लालभडक झालेत आणि कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे ठिपके दिसतात. दुकानदाराने व्हाइट स्पॉट (परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येण्याचा आजार) सांगून मिथिलीन ब्लू हे निळं औषध दिलं आणि दोन दिवस ते चालू आहे.

मला हा व्हाइट स्पॉट वाटत नाही. आजचा डोस घालू नका.

ठिपक्यांचं आधी बोलू. व्हाइट स्पॉटचे ठिपके मिठाच्या कणाएवढे असतात आणि अंगभर, शेपटीवर, परांवर कुठेही विखुरलेले असतात. तुमच्याकडे ते फक्त झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीत आहेत. गोल्डफिशचा नर वयात आला की त्याला तिथेच असे पुटकुळ्यांसारखे दाणे येतात. विणीच्या काळाची ती खूण आहे, आजार नव्हे. दुसऱ्या माशाला ते नसतील तर ती बहुधा मादी.

मग झालं काय? आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, त्यात कार्बोनेट फार थोडं. फिल्टरमधले जीवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, आणि त्या कामात पाण्यातलं कार्बोनेट खर्च होतं. ते संपलं की पीएच घसरू लागतो, म्हणजे पाणी आणखी आम्लधर्मी होत जातं, आणि सहाच्या आसपास आला की जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. तुमच्या टाकीत हे महिनोन् महिने हळूहळू चाललं असणार. त्यात आठवडाभर जास्त खाणं पडलं, अमोनिया साठला. पण पीएच कमी असताना अमोनियाचा जवळजवळ सगळा भाग अमोनियम रूपात असतो आणि ते माशाला फारसं बाधत नाही. म्हणून तुम्ही परत येईपर्यंत मासे तग धरून होते.

नळाचं पाणी पडलं आणि पीएच वर गेला. २८ अंश तापमानाला पीएच सात असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी असतो. आठ झाला की तोच सहा-सात टक्के होतो. पाणी तेच दिसतं, विष मात्र आठ-दहापट. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेही कल्ले जाळतं. पाणी बदलल्यावर त्याच संध्याकाळी त्रास सुरू झाला, याचं कारण मला इथे दिसतं. व्हाइट स्पॉट असा काही तासांत माशाला लोळवत नाही. आणि मिथिलीन ब्लू ते उरलेसुरले जीवाणूही मारतं. दुकानदाराचा हेतू चांगलाच असेल, पण पाण्याची चाचणी न करता औषध देण्याची पद्धत थांबायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता करायचं काय. थेंबांचं अमोनिया किट आणि पीएच किट आजच आणा. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. खाणं पूर्ण बंद, तीन दिवस तरी. त्याने मासा मरत नाही. एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा. बदलायला विहिरीचंच पाणी घ्या, पण बादलीत काढून रात्रभर त्यात एअर स्टोन सोडा, कारण ताज्या विहिरीच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. रोज पाव टाकी बदला, त्याहून जास्त नको. निळा रंग काढायला फिल्टरमध्ये नवा अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा, त्यात हे जीवाणू तयारच असतात. याच्याइतका लवकर गुण दुसऱ्या कशाने येत नाही.

मीठ घाला, लिटरला एक ग्रॅम. तुमच्या टाकीला ८० ग्रॅम, मगमध्ये विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून. आगरातलं जाडं मीठ उत्तम. जीवाणू पुन्हा कामाला लागताना मधल्या काळात नायट्राइट वाढतं, आणि मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला, नाहीतर ते वाढत जाईल.

पीएच वाढवायला खाण्याचा सोडा मात्र आत्ता अजिबात नको. अमोनिया शून्यावर आल्यानंतर तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत फिल्टरजवळ ठेवा. त्या हळूहळू विरघळून कार्बोनेट देत राहतात. गोव्यात ही गोष्ट कुणाच्याही स्वयंपाकघरात फुकट मिळते.

कधी खरंच व्हाइट स्पॉट आलाच तर एवढं लक्षात असू द्या: अंगावर बसलेल्या ठिपक्याला औषध लागत नाही, पाण्यात सुटलेल्या परजीवीच्या पिल्लांनाच लागतं. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले तरी आठ-दहा दिवस उपचार चालू ठेवावे लागतात.

अमोनिया तीन-चार दिवस शून्य राहूनही मासा बसूनच असेल, तर मग आजार शोधू. एकाच बाजूचा कल्ला मिटलेला असेल तर कल्ल्यांतल्या किड्यांचा संशय घ्यायचा. कापसासारखं काही दिसलं तर बुरशी. खवले फणसासारखे उभे राहिले असतील तर लगेच कळवा, त्यात वेळ फार कमी मिळतो. माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पुढच्या चवथीला आठवडाभर जाणार असाल तर कुणाला खाणं घालायला सांगूच नका. निरोगी मोठा गोल्डफिश तेवढे दिवस उपाशी सहज राहतो. शेजाऱ्यांना फक्त एवढंच सांगा: वीज बराच वेळ गेली आणि फिल्टर बंद राहिला, तर तो तसाच पुन्हा सुरू करू नका, आधी त्यातलं कुजकं पाणी ओता.

अमोनिया आणि पीएचचे आकडे, नळाच्या पाण्याचा वेगळा पीएच आणि माशाचा बाजूने काढलेला, झाकण नीट दिसेल असा फोटो इथे टाका. आज रात्रीच टाकलात तरी मी बघतो.